भिंतीआडची सावली

पुण्यात रागाच्या भरात कुणी ‘याला येरवड्याला पोचवा’ म्हणालं, की ऐकणाऱ्यापुढे दोनच पत्ते उभे राहतात: मध्यवर्ती कारागृह आणि मनोरुग्णालय. त्यातला कोणता घ्यायचा हे राग किती आणि कशाचा, यावर ठरतं. या दोन पत्त्यांनी येरवड्याचं नाव इतकं व्यापून टाकलंय, की तिथे नदी आहे, काठावर हिवाळ्यात पाणपक्षी उतरतात आणि जुन्या आवारांमध्ये चांगली झाडी आहे, हे कोथरूडकराला मुद्दाम सांगावं लागतं. उपग्रहाच्या नकाशात मात्र ते चटकन दिसतं. त्याच नकाशात आणखी एक गोष्ट नजरेला येते. येरवड्यातले मोठे हिरवे पट्टे बहुतेक भिंतींच्या आत आहेत. तुरुंगाची शेती आत, मनोरुग्णालयाचं आवार आत, आगाखान पॅलेसची बाग तिकिटाच्या खिडकीपलीकडे. भिंतीबाहेर पत्र्याला पत्रा लागलेल्या वस्त्या, आणि तिथली हिरवाई म्हणजे तेलाच्या डब्यात लावलेली तुळस.

झाडांच्या सहवासाने माणसाच्या तब्येतीत काय फरक पडतो, हा प्रश्न या गावात उभं राहून विचारण्याला तसं कारणही आहे. या विषयातले अगदी सुरुवातीचे दोन गाजलेले पुरावे एका तुरुंगातून आणि एका रुग्णालयातूनच आले.

पहिला १९८१ चा. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एक अवाढव्य तुरुंग होता. त्यातल्या काही कोठड्यांच्या खिडक्या बाहेरच्या शेतांकडे आणि झाडांकडे उघडत, तर काहींच्या आतल्या फरसबंद अंगणाकडे. अर्नेस्ट मूर या अभ्यासकाने तुरुंगातल्या दवाखान्याची नोंदवही काढली आणि कोणत्या बाजूचे कैदी किती वेळा तक्रार घेऊन येतात हे मोजलं. बाहेरचं दिसणारे कैदी सुमारे २४ टक्क्यांनी कमी येत होते. अन्न तेच, पहारेकरी तेच, शिक्षाही त्याच तऱ्हेच्या. कैद्याला कोठडी निवडता येत नाही, ही या पाहणीची खरी ताकद. एरवी ‘निरोगी माणसंच झाडांजवळ घर घेतात’ असा आक्षेप घेता येतो. इथे तो लागू पडत नाही.

दुसरा पुरावा रॉजर उलरिच यांचा. १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदींचा अभ्यास छापला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण, वय आणि प्रकृती जुळवून लावलेल्या २३ जोड्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. फरक दिवसाहूनही कमी, पण झाडवाल्यांनी जोरदार वेदनाशामकं कमी मागितली आणि त्यांच्याविषयी परिचारिकांनी केलेले कुरकुरीचे शेरेही कमी होते. जगभरच्या रुग्णालयांच्या आराखड्यांत बाग शिरली, त्यामागे या लहानशा अभ्यासाचा हात मोठा आहे.

येरवड्याच्या तुरुंगातही एका झाडाची नोंद इतिहासाने ठेवली आहे. २० सप्टेंबर १९३२ ला गांधीजींनी इथे उपोषण सुरू केलं. त्यांची खाट अंगणातल्या आंब्याखाली आणली गेली. डॉ. आंबेडकर आणि बाकीचे पुढारी तिथेच चर्चेला येत, आणि २४ तारखेला पुणे करार झाला. २६ जानेवारी २०२१ ला महाराष्ट्रात कारागृह पर्यटन सुरू झालं ते येरवड्यापासून, आणि हा आंबा पाहण्याच्या जागांपैकी एक ठरला. करार सावलीमुळे झाला असं कुणी म्हणणार नाही. पण अन्न सोडलेल्या माणसाला कुठे ठेवायचं असा प्रश्न पडला तेव्हा तुरुंगानेही छप्पर सोडून झाड निवडलं, एवढं ध्यानात ठेवण्याजोगं आहे.

मिशिगन आणि पेनसिल्व्हेनियातल्या त्या दोन अभ्यासांच्या सुमारासच जपानमध्ये झाडांच्या सहवासाला सरकारी नाव मिळालं. १९८२ साली तिथल्या वनखात्याचे प्रमुख तोमोहिदे अकियामा यांनी ‘शिनरिन-योकू’ म्हणजे वनस्नान ही कल्पना मांडली. हेतू निम्मा आरोग्याचा आणि निम्मा व्यवहाराचा होता: कार्यालयात पिचलेल्या शहरी माणसाला विसावा मिळावा आणि जंगलाचंही मोल वाढावं. नागानो प्रांतातलं आकासावाचं जंगल या चळवळीचं पहिलं ठिकाण. तेव्हा हातात शास्त्र फारसं नव्हतं. ते नंतर आलं. जपानमधल्या २४ जंगलांत २८० तरुणांवर झालेले प्रयोग २०१० मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. तीच माणसं एक दिवस शहरात आणि एक दिवस जंगलात चालवली, बसवली. जंगलात लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक, कमी भरलं. नाडी मंदावली, रक्तदाब किंचित उतरला. शरीराला ‘आता धोका नाही, सैल हो’ असा निरोप देणाऱ्या चेतातंतूंचं काम वाढलं.

टोकियोच्या निप्पॉन वैद्यकीय विद्यापीठातले डॉ. चिंग ली याहून पुढे गेले. २००५ साली त्यांनी बारा जणांना तीन दिवस इइयामाच्या जंगलात हिंडवलं आणि रक्तातल्या ‘नॅचरल किलर’ पेशी तपासल्या. विषाणूंनी ग्रासलेल्या आणि बिघडलेल्या पेशींना संपवणाऱ्या या पेशींची सक्रियता जवळपास निम्म्याने वाढली होती, आणि नंतरच्या प्रयोगांत हा परिणाम महिनाभर टिकलेला दिसला. मग त्यांनी एक गमतीचा प्रयोग केला. बारा जणांना टोकियोतल्या एका हॉटेलात तीन रात्री ठेवलं आणि खोलीत हिनोकी या जपानी सुरूच्या तेलाची वाफ सोडली. जंगल नव्हतं, पक्षी नव्हते, तरीही पेशी खुलल्या. झाडं कीड आणि बुरशी दूर ठेवण्यासाठी हवेत जी उडनशील द्रव्यं सोडतात, त्यांना रशियन शास्त्रज्ञ बोरिस तोकिन यांनी ‘फायटॉनसाइड’ म्हटलं होतं. ली यांच्या मते किमयेचा मोठा भाग या द्रव्यांचा.

इथे जरा थांबायला हवं, कारण ‘जंगल कॅन्सर बरा करतं’ असं सांगणारे संदेश आपल्या फोनवर याच बारा जणांच्या खांद्यावरून येतात. बारा माणसं म्हणजे एका बसथांब्यावरची गर्दीसुद्धा नव्हे. रक्तातल्या पेशी चपळ झाल्या याचा अर्थ आजार टळला असा होत नाही. तो टळतो का, हे पाहायला हजारो माणसं वर्षानुवर्षं पाहावी लागतात, आणि तसं या प्रयोगांत झालेलं नाही. शिवाय ही मोजमापं जपानी जंगलातली आणि हिनोकीसारख्या सूचिपर्णी झाडाच्या तेलाची. सह्याद्रीच्या पूर्वेकडची आपली झाडी पानगळीची आणि काटेरी. बाभळीच्या किंवा चैत्रात निष्पर्ण उभ्या असलेल्या सालईच्या रानात हवेतली रसायनं निराळी असणार. जपानी सुरूचे आकडे उचलून करंजाला चिकटवणं बरोबर नाही. आपल्याकडे सूचिपर्णी झाडी हिमालयात आहे, आणि उत्तराखंडच्या वनखात्याच्या संशोधन शाखेने २०२१ साली राणीखेतजवळ वनोपचार केंद्र काढलं ते चीडवृक्षांच्या जंगलातच.

मनावरच्या परिणामांचं तसं नाही. तिथे पुरावा बराच रुंद आहे आणि झाडाच्या जातीवर तो फारसा अडत नाही. त्यामागचं कारण रेचल आणि स्टीफन कॅपलन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने छान मांडलं. आपलं लक्ष दोन तऱ्हांनी लागतं. एक आपण ओढून लावतो: हिशेब तपासताना, नगर रस्ता ओलांडताना, साहेबाचा मेल वाचताना. ते थकतं, आणि थकलं की माणूस चिडचिडा होतो, चुका करतो. दुसरं आपोआप लागतं: वाऱ्याने हलणारी पानं, पाण्यावरची तिरीप, फांदीवर उलटी चालणारी खार. हे बघायला जोर लावावा लागत नाही, आणि तेवढ्या वेळात पहिल्या लक्षाला विश्रांती मिळते. २०१५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या प्रयोगात ३८ जणांपैकी काहींना दीड तास झाडीतून आणि काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेने चालवलं. झाडीतून आलेल्यांच्या डोक्यातलं तेच-तेच उगाळणं कमी झालं होतं, आणि त्या उगाळण्याशी जोडलेला मेंदूचा भागही शांत होता. नैराश्याशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना हे उगाळणं म्हणजे काय ते समजावून सांगायला नको.

मात्रा किती? इंग्लंडमधल्या जवळपास वीस हजार लोकांच्या पाहणीतून २०१९ मध्ये एक आकडा पुढे आला: आठवड्याला १२० मिनिटं. एकदम घ्या किंवा तुकड्या-तुकड्यांनी. पाहणी विचारपुशीची आहे, म्हणून आकडा दगडावरची रेघ मानू नये, पण तो सोयीचा आहे. त्याच वर्षी मिशिगन विद्यापीठातल्या दुसऱ्या प्रयोगात कॉर्टिसॉल सर्वात झपाट्याने उतरलं ते वीस ते तीस मिनिटांच्या बैठकीत. म्हणजे मुळशी-पानशेतच्या बाजूला शनिवार-रविवारचं ‘फॉरेस्ट बाथिंग’ पॅकेज घ्यायलाच हवं असं मुळीच नाही. जाऊ नका असं म्हणत नाही. पण दोन महिन्यांतून एकदा महागडं जंगल आणि मधले सगळे दिवस काँक्रीट, यापेक्षा रोजच्या वाटेवरची वीस मिनिटांची झाडी बरी.

आता येरवड्यातली रोजच्या वाटेवरची झाडी पाहू. बंडगार्डनच्या बंधाऱ्याखाली, कल्याणीनगरच्या अंगाला मुळा-मुठेच्या काठी डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. नावात अभयारण्य आहे, पण भीमाशंकरला वन्यजीव कायद्याने जे कवच मिळतं ते याला नाही. पक्षीप्रेमींनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या, भांडणं केली, म्हणून ते टिकलं. पाणी काळपट, त्याला वास येतो, कडेला फेस आणि प्लॅस्टिक. आणि त्याच पाण्यात लांब गुलाबी पायांचा शेकाट्या एकेक पाय निगुतीने उचलत, जणू पायजमा भिजू नये म्हणून जपत, किडे टिपत चाललेला असतो. हळदी-कुंकू बदकांची जोडी दिसते; चोचीच्या टोकाला हळदीचा आणि बुडाशी कुंकवाचा ठिपका, ज्याने नाव ठेवलं त्याने फार जवळून पाहिलं असणार. हिवाळ्यात चक्रवाक येतात, तुतवार शेपटी हलवत काठाने पळतो, बाभळीवर वंचक पाठ वाकवून तासन् तास तसाच. मधूनच लोहगावच्या हवाईतळावरून सुखोई उडतं आणि सगळं आकाश फाटतं. बदकं मान वर करतात आणि पुन्हा खाली घालतात.

या गढूळ काठाचाही उपयोग होतो का? लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाराशेहून अधिक लोकांना त्यांच्या फोनवरून दिवसातून अनेकदा विचारलं: आत्ता पक्षी दिसतोय का, ऐकू येतोय का, आणि मन कसं आहे? पक्ष्यांच्या सहवासानंतर मन सुधारलेलं दिसलं आणि ते काही तास टिकलं. नैराश्य असलेल्यांनाही हा फायदा मिळाला. पक्षी कोणत्या दर्जाच्या पाण्यात उभा होता, हे विचारलेलं नव्हतं. पण पाणी स्वच्छ असावं ही मागणी त्यामुळे सैल होत नाही. डास चावत असतील, नाक धरावं लागत असेल, संध्याकाळी बाईमाणसाला एकटीने तिकडे जाववत नसेल, तर आठवड्याची १२० मिनिटं पुस्तकातच राहतात. पुण्यात नदीकाठ सुधारणेच्या नावाने झाडं तोडण्याविरुद्ध २०२३ मध्ये लोकांनी ‘चिपको’ केलं. त्या वादात बहुतेक चर्चा पूररेषेची आणि पक्ष्यांची झाली. माणसाच्या तब्येतीचा मुद्दा तितक्या जोरात यायला हवा होता, तो आला नाही.

वस्त्यांसाठी तर हा मुद्दा अधिकच जवळचा आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात ५४१ ओसाड, कचऱ्याने भरलेले भूखंड निवडून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. काहींवर कचरा काढून हिरवळ, दोन-चार झाडं आणि बुटकं लाकडी कुंपण केलं. काहींचा नुसता कचरा काढला. काही तसेच ठेवले. २०१८ मध्ये निकाल आला. हिरव्या केलेल्या भूखंडांजवळ राहणाऱ्यांत ‘खचल्यासारखं वाटतं’ म्हणणारे तसेच ठेवलेल्या भूखंडांजवळच्या लोकांच्या तुलनेत ४१.५ टक्क्यांनी घटले, आणि गरीब वस्त्यांत त्याहूनही जास्त. नुसता कचरा काढल्याने असा ठळक फरक पडला नाही. जंगल नाही, डोंगर नाही. एक मोकळा तुकडा आणि त्याची दर महिन्याची निगा. केंद्र सरकारने २०२० मध्ये नगर वन योजना जाहीर केली तेव्हा वारज्याच्या उजाड टेकडीवर उभ्या राहिलेल्या वनाचा दाखला दिला होता. ते काम उत्तमच आहे, पण वारजे येरवड्याहून शहराच्या दुसऱ्या टोकाला. येरवड्याच्या लक्ष्मीनगर वस्तीतल्या धुणीभांडी करणाऱ्या बाईला दोन बस बदलून वनस्नान घडणार नाही. तिच्या गल्लीच्या तोंडाशी एक कडुलिंब आणि त्याला पार असेल, तर घडेल.

मनोरुग्णालयाचा विचार मात्र जपून करावा. येरवड्याचं रुग्णालय देशातल्या सर्वांत मोठ्या मनोरुग्णालयांपैकी. मंजूर खाटा २,५४०. जुन्या काळी अशी रुग्णालयं गावाबाहेर, मोठ्या आवारात बांधत, त्यात मोकळी हवा हा एक हिशेब होता आणि रुग्ण नजरेआड राहावेत हा दुसरा. क्षयरोग्याला हवापालटासाठी पाचगणीला किंवा मिरजेजवळ वानलेसवाडीला धाडत, त्याच काळातला हा विचार. स्ट्रेप्टोमायसिन आल्यावर क्षयाचं खरं औषध हाती लागलं आणि हवापालट मागे पडला. मनाच्या आजारातही हा क्रम विसरू नये. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा २००४ सालचा चित्रपट पुष्कळांच्या लक्षात असेल. अतुल कुलकर्णींनी रंगवलेल्या शेषला देवराईचं वेड आहे, तिच्याच रक्षणाच्या विचारात तो भरकटत जातो. स्किझोफ्रेनियाचा तो माणूस झाडांच्या प्रेमाने बरा झाला, असं सोपं उत्तर चित्रपट देत नाही. औषधं लागतात, डॉक्टर लागतात, न थकणारी बहीण लागते. माझ्या मते मनोविकारावरच्या मराठी चित्रपटांत यापेक्षा प्रामाणिक दुसरा नाही.

आगाखान पॅलेसचा दाखला तर आणखी कडक आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजी, महादेवभाई देसाई आणि इतरांना इथे ठेवलं. १८९२ मध्ये बांधलेली देखणी इमारत, भोवती प्रशस्त बाग, मोठे वृक्ष. अटकेनंतर आठवड्याच्या आतच, १५ ऑगस्टला, महादेवभाई हृदयविकाराने गेले. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला गेल्या. दोघांच्या समाध्या त्याच हिरवाईत आहेत. गांधीजी स्वतः मलेरियाने खंगले, ६ मे १९४४ ला सुटले आणि सावरले ते आधी जुहूला आणि मग पाचगणीला. बाग सुंदर असली तरी फाटकावर पहारा असेल, तर तिचा उपचार होत नाही. २०२० मध्ये एक्झेटर विद्यापीठाने १८ देशांतल्या लोकांच्या पाहणीतून असाच मुद्दा मांडला: नैराश्य-चिंतेच्या रुग्णांमागे ‘जा, जरा बागेत फिरून ये’ असा लकडा लावला, तर निसर्गाकडे जाण्याची त्यांची आपली ओढ कमी होते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

ओढ असेल, तर करायचं काय? व्यायाम करायचा नाही, हे पहिलं. टेकडीवर घड्याळाकडे बघत पावलं मोजणं हा निराळा आणि चांगलाच उद्योग आहे, पण तो ओढून लावलेल्या लक्षाचा. वनोपचारात तासाभरात अर्धा-पाऊण किलोमीटरही पुष्कळ झालं. फोन बंद करून खिशात. एका झाडापाशी थांबून त्याच्या खोडावरून हात फिरवा. अर्जुनाची साल गुळगुळीत, कडुलिंबाची खरखरीत, बाभळीची भेगाळलेली. करंजाचं पान उलटं करून पाहा, बारीक फोडी दिसतील. त्या किडीने स्वतःसाठी बांधून घेतलेल्या खोल्या. निरगुडीचं पान चुरडून हुंगा. आवाज ऐकताना जवळचा कोणता आणि लांबचा कोणता, एवढंच पाहा. बोलणारा सोबती घरी ठेवा, किंवा त्याला गप्प राहायचं कबूल करून आणा. दम्याचा किंवा परागकणांचा त्रास असेल तर झाडं फुलोऱ्यावर असताना जपून, आणि पावसाळ्यात नदीकाठच्या गवतात पायांत बूट हवेतच. सालिम अलीला जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उजाडल्यावर, एखाद्या पक्षीनिरीक्षकांच्या गटासोबत जा.

कुणी जवळचं माणूस रुग्णालयात असेल तर खिडकीजवळची खाट मोकळी आहे का, हे एकदा विचारा. खर्च काही नाही. झोप, भूक, कामातलं मन दोन-दोन आठवडे उडालेलं असेल, तर झाडापाशी जाण्याआधी डॉक्टरांकडे जा, किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. आणि गोळ्या चालू असतील तर त्या फिरून आल्यावर बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.